उपाशी ठेवलेलं पान

शाळेच्या प्रयोगशाळेत मामांनी एकतीस वर्षं काढली. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे आणि दर वर्षी सातवीसाठी पानाचा प्रयोग मांडून द्यायचा. त्यांची बोटं कायमची तांबूस झालेली, म्हणून पोरं पाठीमागे त्यांना आयोडीनमामा म्हणत. मामांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

प्रयोग तसा साधा. पान दिवसभर उन्हात स्वयंपाक करतं, हवा आणि पाणी एवढ्याच शिध्यावर. उरलेलं स्टार्च म्हणून, म्हणजे पिठासारखं, साठवून ठेवतं आणि रात्री त्याची साखर करून खोडामुळांकडे धाडतं. झाड दोन दिवस अंधारात ठेवलं की पानाचं कोठार रिकामं. मग पानाचा थोडा भाग काळ्या कागदाने झाकून झाड उन्हात ठेवायचं. नंतर पान खुडून उकळायचं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढायचा आणि वर आयोडीन ओतायचं. ऊन लागलं तिथे निळंकाळं, झाकलं तिथे फिकट.

एका वर्षी एका पोरीने कागदात फुलपाखरू कापून तो कागद पानावर लावला आणि पानावर फुलपाखरू उमटलं. वर्गाने टाळ्या पिटल्या. मामांचं मात्र त्या दिवशी कशातच लक्ष लागेना. त्यांना आठवत होती अक्काच्या कपाटातली काच.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तळहाताएवढ्या त्या काचेवर आईच्या फोटोची निगेटिव्ह होती. आईचा दुसरा फोटो नव्हता. मामांच्या जन्माआधी महिनाभर काढलेला, शेजारी सात वर्षांची अक्का उभी. मामा जन्मले आणि आई गेली. ‘आईला गिळून आला’ हे वाक्य लहानपणी नातेवाइकांकडून त्यांनी इतक्यांदा ऐकलं, की पुढे कुणी म्हणेनासं झालं तरी त्यांना ते ऐकू येई. निगेटिव्हमध्ये आईचा चेहरा काळा, केस पांढरे. ती रागावलीय की हसतेय, काही म्हणजे काही कळत नसे. आपण येणार म्हणून तिला बरं वाटलं होतं का, एवढंच मामांना बघायचं होतं.

स्टुडिओत दिली असती तर दोन दिवसांचं काम. पण अशाच एका स्टुडिओवाल्याने वडिलांच्या फोटोची काच फोडून वर दात काढले होते. तेव्हापासून अक्काचं एकच पालुपद, ही काच उंबरठा ओलांडणार नाही. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आईचा चेहरा पाहिलेलं माणूस ती एकटीच उरलेली. थांबायला सवड नव्हती.

काचेतला पांढरा भाग पानावर काळा उमटेल, काळा तो फिकट, म्हणजे आईचा चेहरा सरळ दिसेल. काच बाहेर जात नाही, तर झाडच आत नेऊ, म्हणून मामा जिरॅनियमची कुंडी कडेवर घेऊन अक्काकडे गेले. कुंडी कपाटात कोंडली आणि दोन दिवस कपाट उघडायचं नाही म्हणून तीनतीनदा बजावलं. तिसऱ्या दिवशी पानावर काच चिमट्यांनी बसवून ऊन दाखवलं, संध्याकाळी आयोडीन ओतलं. अख्खं पान काळंठिक्कर! अक्काने मान खाली घालून कबूल केलं, की बिचारं उपाशी वाटलं म्हणून तिने आदल्या दिवशी झाड दुपारभर खिडकीत ठेवलं होतं.

मामा भयंकर चिडले. लहानपणापासून माझ्या प्रत्येक गोष्टीत मोडता घालतेस, इथपर्यंत बोलून गेले. झाड पुन्हा कपाटात गेलं. या खेपेला अक्काने कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. सकाळपासून झाड खिडकीत, काच पानावर. मामा समोर खुर्चीत बसून राहिले. ऊन काचेतून, आईच्या केसांतून, पदरातून हळूहळू पानात झिरपत होतं. डोळा लागला, उघडला, पुन्हा लागला. आई उन्हात बसली आहे आणि आपण तिच्याजवळ पडलो आहोत, असं त्यांना कितीतरी वेळ वाटत राहिलं. अक्काने चहा ठेवला, तो गार झाला.

संध्याकाळी पान उकळलं, स्पिरिटमध्ये पांढरं पडलं. बशीत पसरून मामांनी आयोडीन ओतलं आणि हात मागे घेतला. आधी केस आले. मग मुलीचा फ्रॉक, तिचा फुगलेला गाल. मग पोटावर ठेवलेला एक हात, आणि चेहरा. आई हसत होती. पण समोर बघत नव्हती, नजर खाली होती.

अक्काने भिंग घेऊन बशीवर मान वाकवली, ती बराच वेळ वर उचललीच नाही. फोटोवाला ‘वर बघा, वर बघा’ म्हणून घसा कोरडा करत होता आणि आई ऐकत नव्हती, हे तिला एकदम आठवलं. तिने भिंग खाली ठेवलं.

“साठ वर्षं मला वाटत होतं, ती माझ्याकडे बघतेय,” अक्का म्हणाली. “ती तुझ्याकडे बघत होती रे, बाळ्या.”

मामांच्या तांबूस बोटांवर अक्काने आपला हात ठेवला. थोड्या वेळाने तिने काच पुसली, रुमालात गुंडाळली आणि त्यांच्या पिशवीत ठेवली.

“आणि ते झाड उद्याही उन्हात ठेव,” ती म्हणाली. “दोन दिवस उपाशी होतं.”