मिठाच्या दगडावरचा फोटो

मंडळी, आधी एक सांगते. या ग्रुपवरचे अनुभव मी रोज दुपारी वाचते आणि निम्म्यांना हसते. माझी लेक जयू म्हणते, आई, तू वाचतेस कशाला मग? पण वाचायला मजा येते ना! आमच्या गावात कुणाला चिंचेवर दिवे दिसले की मी विचारायची, बॅटरी घेऊन बघायला गेलेलास का? अशी मी. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं माझं मलाच नवल वाटतंय.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरावर. सासर रोह्याजवळ, निडी स्टेशनला उतरून आत डोंगराकडे चालत गेलं की आमचं गाव लागतं. घरामागे वालाचं शेत, मग ओहोळ, ओहोळापलीकडे ऐनाचं एक मोठं झाड आणि त्याच्याखाली एक काळा सपाट दगड. तिथून पुढे रान सुरू.

लग्न होऊन आले तेव्हा आईने सोबत खड्या मिठाची पिशवी दिलेली. मिठागरवाल्यांची पोर, दुसरं काय देणार! सासूबाईंनी ती पिशवी स्वयंपाकघरात जाऊच दिली नाही. मला घेऊन त्या दगडापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पयली मूठ डोंगराला दे. तुझ्या म्हायेरचं मीठ त्याला ठावं होऊं दे." मी ठेवली. सकाळी बघते तर दगड चाटूनपुसून लख्ख! "भेकरं येतात गो," त्या म्हणाल्या. "त्यांना मीठ लागतं, पण रानात कुठं मिळणार?"

तेव्हापासून दरवर्षी नवं मीठ निघालं की माहेरून पिशवी आणायची आणि अधूनमधून मूठ मूठ त्या दगडावर ठेवायची, हे माझं चालू आहे. सासूबाई गेल्या, मग हेही गेले, पण मूठ चुकली नाही. मात्र एक खंत होती... इतक्या वर्षांत त्या दगडावर मी एकही भेकर पाहिलं नव्हतं. रानातून त्याचं ते कुत्र्यासारखं भुंकणं ऐकायचं, सकाळी ओला दगड बघायचा, बस. माणसाचा वास आला की ते येतंय कशाला!

आता वसंताचं सांगते. वसंता म्हणजे माझा धाकटा दीर, शेजारच्याच घरात राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीत शाळेला जायचा, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. रोह्याला कंपनीत शिफ्ट करून करून आता रिटायर झालाय. रिकामा माणूस, मोबाईलवर काहीबाही मागवत असतो. या वर्षी थंडी संपता संपता त्याने एक कॅमेरा मागवला. डब्याएवढी हिरवी पेटी, स्वस्तातली. पट्ट्याने झाडाला बांधायची, समोरून काही हललं की ती आपोआप पाठोपाठ तीन फोटो काढते. त्याने ती बांधली कुठे, तर माझ्या दगडासमोरच्या झाडाला.

चार-आठ दिवसांनी धावत आला. "वयनी, चष्मा लावा आणि बघा!"

मोबाईलवर फोटो होता. पहाटेचा, धुरकट. ऐनाचं खोड, दगड आणि दगडावर मान वाकवून उभं असलेलं भेकर. मादी होती. मागच्या पायांना चिकटून एवढंसं पाडस. तिची जीभ बाहेर आणि जिभेखाली माझं मीठ! मंडळी, खोटं नाही सांगत, मला रडूच आलं. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती धुक्यातच दिसत होती, पण दिसत होती. मी वसंताला म्हटलं, "अरे, तू किती पुण्याचं काम केलंस!"

तो हसला. "पुण्याचं कसलं? शिमग्याची सोय झाली. कोलाडचे दोस्त येणार हायेत, बंदूक हाय त्यांच्याकडं. कुठनं येतंय, कधी येतंय, सगळं कळलं आता. नायतर रातभर माचाणावर मच्छर खात बसायला लागतंय."

आमच्याकडे शिमग्याआधी गावची पारध असायची, खरं आहे. ढोल घेऊन सगळे डोंगरावर जायचे. पण आता बंदी आहे, फॉरेस्टवाले धरतात, म्हणून नुसता ढोल वाजवून परत यायचं असं गावाने ठरवलेलं.

"वसंता, बंदी हाय. आणि पिल्लू हाय रे तिला!"

"मग दुसरं मारू."

"माझ्या मिठावर येतात ती. मी बोलावतेय आणि तू मारणार?"

"वयनी, तुम्ही मटण खाता तेव्हा बकऱ्याला इचारता काय?"

त्याची बायको कुंदा मागून म्हणाली, "ताय, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. त्या दोस्तांना झाडावर चढता येत नाय, बंदूक काय मारतायत!" पण तीही मनातून घाबरलेली. केस झाली तर तिच्याच घरावर येणार होती.

दुसऱ्या दिवशी मी दोन हंडे पाणी नेलं आणि दगड घासूनपुसून धुतला. मिठाचा कण ठेवला नाही. म्हटलं, मीठ नाही तर येणार नाहीत, आली नाहीत तर वाचतील. पण वसंताने पाहिलं. संध्याकाळी किराणा दुकानातली मिठाची पुडी आणून ओतली आणि वर मला ऐकवतो, "तुमच्या म्हायेरचं नसलं म्हणून काय झालं? खारटच हाय!"

आणि नेमकं तेव्हाच माझं डोळ्याचं ऑपरेशन. जयू पेणला राहते, ती मला घेऊन गेली. निघताना मी ओहोळाकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, बायांनो, मी नाहीये आता. येऊ नका.

ऑपरेशनच्या टेबलावर माणूस जागाच असतो. तोंडावर कापड, डोळ्यापुढे नुसता उजेड. डॉक्टर बोलत होते, मी देवाचं नाव घेत होते. आणि एकदम... माझ्या उजव्या तळव्याला काहीतरी लागलं. ऊन ऊन, ओलं, खरखरीत. एकदा, मग परत. बोटांच्या बेचक्यातून सुद्धा. मी हळूच म्हटलं, "सिस्टर, हाताला काय पुसताय?"

"आजी, हात चादरीखाली आहेत तुमचे. कुणी नाही हात लावला. हलू नका."

मी हलले नाही. पण भीती म्हणाल तर मुळीच वाटली नाही. लहानपणी आईने हात धरल्यावर वाटायचं तसं काहीतरी वाटलं. नंतर म्हटलं, औषधाचा परिणाम असेल आणि विसरून गेले.

मग काळा चष्मा मिळाला. पहिल्याच दिवशी रिक्षात बसताना त्याची काडी मोडली. जयूने घरी आल्यावर लाल दोरा गुंडाळून बांधून दिली. "आई, महिनाभर कुठे हलायचं नाही, वाकायचं नाही, धूळ नको." तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी जिन्याची एक पायरीसुद्धा उतरले नाही. येणारेजाणारे शेजारी साक्षीला आहेत.

शिमगा जवळ आला तशी माझी तगमग व्हायला लागली. फोन केला की कुंदा म्हणायची, "दोस्त येणार म्हणतात, ताय. ऐकत नायत." आणि एक दिवस भर दुपारी वसंताच दारात उभा! चप्पल काढेना, पाणी घेईना. माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

"वयनी, तुम्ही गावाला कधी आलेल्या?"

"काय वेड लागलं काय तुला? मी हितंच हाय."

त्याने मोबाईल पुढे केला.

तीन फोटो होते. स्वच्छ उजेडातले, उन्हं कलताना काढलेले. पहिल्यात ती मादी आणि पाडस ओहोळाच्या काठाला उभी. तिसऱ्यात दगडावर कुणीच नाही आणि मादी सरळ कॅमेऱ्यात बघतेय. आणि मधल्यात... दगडावर मी बसलेय. मी! हिरवं लुगडं, उजवा हात पुढे केलेला, तळवा उघडा, आणि मादी माझ्या तळव्यातून चाटतेय. पाडस माझ्या पायाशी बसलंय, घरच्या वासरासारखं. डोळ्यांवर काळा चष्मा.

जयू खांद्यावरून बघत होती. ती एकदम म्हणाली, "आई... काडीचा दोरा बघ."

लाल दोरा. माझ्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला स्वच्छ दिसला.

मग सगळ्या शंका काढून झाल्या. फोटोवर तारीख होती, पण स्वस्तातला कॅमेरा, सेल काढले की तारीख पुसली जाते. तो तर कुठल्या कुठल्या वर्षाची दाखवत होता! म्हणजे दिवस कुठला ते कळायला मार्ग नाही. पण दिवस कुठलाही धरला तरी तो चष्मा पेणला मिळाला, पेणला मोडला आणि पेणच्या बाहेर गेलाच नाही. जयू म्हणाली, कुणीतरी मोबाईलवर बनवला असेल. कोण बनवणार? वसंताला वस्तू मागवता येतात आणि फोटो बघता येतात, पुढचं काही नाही, आणि दोऱ्याचं गावात माहीत होतं कुणाला? कॅमेऱ्यातलं कार्ड आता माझ्याच डब्यात ठेवलंय, फोटो अजून जसाच्या तसा आहे. आणि तळव्याला जे लागलं ते टेबलावर असताना, तर चष्मा मिळाला त्यानंतर. मग मी तिथे बसले कधी?

वसंता शेवटी खाली बसला. मग म्हणाला, "दोस्तांना नाय म्हणून सांगितलं मी. बार टाकायचा कुणावर, वयनी? तिथं तुम्ही बसलेल्या."

शिमग्याला गाव डोंगरावर गेलं, ढोल वाजवला आणि रिकाम्या हाताने परत आलं. कोलाडचे दोस्त रुसले, तो भाग वेगळा. कॅमेरा वसंताने त्याच दिवशी सोडून आणला. मी महिन्याने गावी आले आणि आधी दगडाकडे गेले. पुडीतलं मीठ दवाने गोळा होऊन तसंच पडलेलं. ते खरवडून काढलं, माहेरची मूठ ठेवली. सकाळी दगड लख्ख.

बरेचदा संध्याकाळी मी त्या दगडावर हात पुढे करून बसते. कुणी येत नाही. समोर भेकर बघायचं राहिलंय ते राहिलंच.

आता लाकडाला, करवंदांना डोंगरावर जायचं झालं की वसंता आधी मला फोन करतो. शेजारी राहतो, पण हाक नाही मारत, फोन करतो. "वयनी, घरीच हायेत ना?"

मी म्हणते, "व्हय रे, घरीच हाय."

पण मंडळी, हल्ली उत्तर द्यायच्या आधी मी जरा थांबते. तळव्याकडे बघते, आणि मगच सांगते.