रेणूमावशींची विसावी टाइल

न्यूयॉर्कमध्ये चालू स्टेशनांवरून लोक मान खाली घालून धावतात आणि बंद पडलेलं स्टेशन पाहायला सहा महिने आधी तिकीट काढतात. जमिनीखालच्या अशा एका स्टेशनात पाऊणशे वर्षांत गाडी थांबलेली नाही. कमानीचं छत, हिरव्या-पांढऱ्या टाइल्स, तिकिटाची लाकडी खिडकी. पाहुणे आत शिरले की कुजबुजायला लागतात. वर रस्त्यावर हेच लोक टॅक्सीवाल्यांवर ओरडत असतात.

रेणू सबनीस हे छत एकतीस वर्षं ओळखतात. सांगलीहून इंजिनिअर होऊन आल्या आणि भुयारी रेल्वेत बोगदे तपासायच्या नोकरीला लागल्या. महाराष्ट्र मंडळात बाकीच्या बायका मुलांच्या कॉलेजांबद्दल बोलत, तेव्हा रेणूमावशी बोगद्यांतल्या गळतीबद्दल बोलत. कामाची पद्धत एकच: वर चढायचं आणि प्रत्येक टाइलवर हातोडी मारायची. घट्ट टाइल खणखणते, मागून सुटलेली भद्द वाजते. निवृत्त झाल्या तरी कान निवृत्त झाले नाहीत.

या जुलैत बाहेरच्या एका कंपनीने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने छताचे फोटो काढले आणि दोनशे बारा टाइल्स सुटल्याचा अहवाल दिला. अहवाल खरा ठरला तर स्टेशन पाहुण्यांना कायमचं बंद होणार होतं. फेरतपासणी आली परीक्षित दळवीकडे. मंडळातलाच मुलगा, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये जन्मलेला, इंजिनिअरचं लायसन्स नवंकोरं. त्याने मावशींना फोन लावला.

"मावशी, रिपोर्ट एकदम सॉलिड आहे यार."

"यार कोणाला म्हणतोस? फोटो कधी काढले?"

"जुलैत."

"जुलैत ते छत घामेजतं. कॅमेऱ्याला ओल दिसली असणार. मचाण बांधून घे, मी येते."

एकाहत्तराव्या वर्षी त्या तीन दिवस मचाणावर होत्या. परीक्षित खाली टिपणं घेत होता. शेवटी छतावर खडूच्या एकोणीस फुल्या उमटल्या. त्या सगळ्या टाइल्स उघडल्या; सगळ्या सुटलेल्या निघाल्या. कॅमेऱ्याने दोषी ठरवलेल्या, पण मावशींनी घट्ट म्हटलेल्यांतल्या दहा नमुन्यादाखल उघडल्या; त्या इतक्या घट्ट होत्या, की काढताना दोन फुटल्या.

आता फेरतपासणीच्या अहवालावर सही हवी होती. मावशींचं लायसन्स निवृत्तीबरोबर संपलेलं. परीक्षितने पेन काढलं, तर त्यांनी कागदच ओढून घेतला.

"तू किती वाजवल्यास?"

"मी नोट्स घेत होतो ना!"

"मग नोट्सवर कर सही."

"मावशी, कम ऑन! यू आर राइट. सगळ्यांना माहितीये."

"मी राइट आहे. तू अजून कुठे आहेस? चढ वर."

तो चढला. मावशी खाली घडीच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. मधूनच "ती परत वाजव" म्हणत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकीट-खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात तो थांबला.

"मावशी… आय थिंक, ही तुमच्याकडून राहिली."

मावशी गुडघा धरत वर गेल्या. एकदा वाजवली. पुन्हा वाजवली. भद्द.

"लिही," त्या म्हणाल्या. "वीस."

वर चढल्याच्या चौथ्या दिवशी परीक्षितने सही केली. दुरुस्ती होऊन स्टेशन सप्टेंबरात उघडलं. मंडळात मावशी एकोणीस टाइल्सचा विषयही काढत नाहीत. आपल्या हातून सुटलेली विसावी परीक्षितने कशी पकडली, हे मात्र ऐकणाऱ्याचं जेवण गार होईपर्यंत सांगतात.