बापूंची सही

शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासाने मला नव्वदच्या दशकातलं सुरतचं उधना आठवतं. मराठी शाळेतून माझी बारावी संपत आली होती. आईने धुळ्याचं स्थळ पाहिलं होतं, आणि मी कॉलेजचा फॉर्म आणला होता, सगळा गुजरातीत. कापडाच्या लूमवरून आलेल्या माझ्या वडिलांपुढे, बापूंपुढे, तो ठेवला.

"तुले गुजराती जमी का?"

"जमेल, बापू. मी शिकून घेईन."

ते उठून हात धुऊन आले, तळवे पाहून पुन्हा मोरीकडे गेले. असं तीनदा झालं. ते सही टाळताहेत असं वाटून मी म्हणाले, "सही होईपर्यंत मी जेवणार नाही."

त्यांनी सही केली. फॉर्मला तेलाचा डाग लागू नये, म्हणून ते हात धूत होते, हे फार उशिरा कळलं. जूनमध्ये मी वर्गात गेले आणि पहिल्या बाकावर बसले.