ठमाबाईंनी लिंपलेली भिंत

भाद्रपदातल्या एका सकाळी मंगल बांधावरून आमच्या अंगणात आली आणि पायरीशीच थांबली. एरवी ती हाका मारत सरळ स्वयंपाकघरात येते. "आजी, आमच्या आत्याबाई गेल्या," ती म्हणाली. "पहाटं चहाला उठवाया गेले, तर..." मंगल ही ठमाबाईंची सून, इकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी दुधाखालचा गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि चष्मा शोधायला लागले. तो माझ्या नाकावरच होता.

ईशा, निखिल, माझ्या परदेशातल्या नातवंडांनो, तुम्हाला मी फोनवर एवढंच सांगितलं की ठमाआजी गेल्या. "कशाने?" असं तुम्ही विचारलंत. झोपेत, वयाने. त्यापुढे मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीकडेही पाठवलं आहे. छापून आलं तर मंगलची मुलगी घरात सगळ्यांना वाचून दाखवील. ठमाबाईंना स्वतःला वाचता येत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तुमचे आजोबा निवृत्त झाले आणि त्यांनी येडगावजवळचं त्यांच्या काकांचं मळ्यातलं घर दुरुस्त करून तिथे राहायचं ठरवलं. काका-काकी निवर्तल्यापासून ते बंद होतं. ओट्यावरून धरणाचं पाणी दिसायचं, तेवढंच मला आवडलं होतं. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली, पुढे अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली. शेणाचा वास आणि वेळापत्रक नसलेला दिवस, दोन्हींची मला सारखीच भीती. आमच्यात करार झाला : एक पावसाळा राहून बघायचं. जमलं नाही तर मी पुण्याला परत. म्हणून सहकारनगरचा फ्लॅट भाड्याने दिला नाही, नुसता कुलूप लावून ठेवला.

दुरुस्तीची कामं मी वहीत क्रमवार लिहिली होती. छपराची कौलं, मोरी, वीज, आणि मधल्या खोलीची भिंत. दगडाची, मातीत बांधलेली, वरून मातीनेच लिंपलेली ती भिंत हात लावला की भुरभुरायची. आळेफाट्याहून आणलेल्या गवंड्याला मी सिमेंटचा गिलावा सांगितला. तो कामाला लागला तेव्हा शेजारच्या मळ्यातून एक साठीच्या आसपासची सडपातळ बाई आली, लुगड्याचा काष्टा घट्ट, डोक्यावर गवताचा भारा तसाच. त्या ठमाबाई. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"बाई, ही भित मातीतली हाय. तिला शिमिट लावू नगा. आत पानी कोंडतंय."

"अहो बाई, आम्ही इंजिनिअरला विचारलंय," मी म्हणाले. कोणत्या सुरात म्हणाले असेन, ते आज आठवून कानशिलं तापतात.

"बरं," म्हणून त्या गेल्या. संध्याकाळी मी वहीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

भिंत गुळगुळीत झाली, पिस्ता रंगाचा डिस्टेंपर लागला, आणि तिला टेकून मी पुस्तकांचं कपाट ठेवलं. माझ्या वडिलांची पुस्तकं होती ती, क्रमांक घालून लावलेली. आषाढात भिंतीवर ढगांसारखे काळे डाग आले. श्रावणात ती फुगली. एका दुपारी आम्ही जेवत असताना दाराएवढा सिमेंटचा पोपडा धाडकन खाली आला. मागची भिंत ओल्या वहाणेसारखी काळी पडली होती. मी कपाट उघडलं तर पुस्तकांवर पांढरी बुरशी, आणि वडिलांच्या शब्दकोशाची बांधणी माझ्या हातात सुटून आली...

मी आजोबांना म्हणाले, "मी निघाले." त्यांनी वाद घातला नाही. माळ्यावरची ट्रंक स्वतः खाली काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या पलंगाशी आणून ठेवली. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मळ्यांमधून बातमी वाऱ्याआधी पोचते. तासाभरात ठमाबाई दारात. 'म्हनलं व्हतं का न्हाई' हे ऐकायची मी तयारी केली होती. त्या सरळ आत आल्या. भिंतीला पंजा टेकवून उभ्या राहिल्या, ताप बघावा तशा.

"जायचं तर जावा, बाई. कोन आडवनार तुमाला? पर हिला आशी कोंडून जाऊ नगा. तुमच्या काकीसंगं मी लिंपल्याली हाय ही. नवी नवरी व्हते."

"किती दिवस लागतील?"

"आता ते मला काय इचारता? भितीला इचारा."

पुस्तकांचं काय करायचं, हे मात्र त्यांनी लगेच ठरवलं. त्यांच्या चुलीच्या वर लाकडी फळ्यांचा माळा होता. धुरात बियाणं टिकतं म्हणून मडक्यांतून तिथेच ठेवायच्या. पुस्तकं अंगणात दोन दिवस वाऱ्यावर टाकून त्यांनी ती त्या माळ्यावर बाजरीच्या आणि काळ्या घेवड्याच्या मडक्यांशेजारी मांडली. "आक्षराचं बी हाय न्हवं? मंग किडा नाय लागनार," म्हणाल्या. ग्रंथालयात मी असा उपाय कुणाला करू दिला नसता. ती पुस्तकं आजही उघडली की धुराचा वास येतो.

उरलेलं सिमेंट पहारीने काढलं. भिंत उघडी ठेवून वाळू दिली. मग माती. शेतातली काळी माती चालत नाही, ती वाळली की चिरते; गावाच्या जुन्या वस्तीच्या उंचवट्यावरची, जिला पांढरी म्हणतात, तिथली हवी. ती चाळून त्यात शेण, गव्हाचं भुसकट, पाणी घालायचं आणि रोज तुडवत आठ दिवस मुरवायचं. मी पहिल्या दिवशी रबरी सपाता घालून चिखलात उतरले. ठमाबाईंनी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "आवो, चिकल हाय, इंजेक्शन न्हाई! काढा ते, पायाला कळू द्या खडा कुठं ऱ्हायलाय ते." मी सपाता काढल्या. तो थंड, मऊ चिखल बोटांमधून वर आला तेव्हा मला शाळेतल्या सिस्टरांची आठवण झाली आणि विनाकारण हसू आलं. ठमाबाईही हसल्या. ट्रंक तेव्हा भरून तयार होती.

लिंपायला शिकताना मी वरून खाली सरळ हात ओढत होते, एकाशेजारी एक, समान अंतरावर. त्यांचा हात सुपातून पाखडल्यासारखा कमानीत फिरायचा. माझ्या रेघांकडे बघून म्हणाल्या, "ही भित हाय, बाई. वही न्हाई."

लिंपण व्हायला नवरात्र आलं. भिंत वाळेपर्यंत थांबायलाच हवं होतं. ती वाळली तर लसूण लावायचा होता, आणि ठमाबाईंनी मला दोन वाफे परस्पर नेमून दिले होते. लसूण लावून काढल्याशिवाय कसं जायचं? मी राहते असं मी कधी जाहीर केलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. ट्रंकेतून एकेक साडी लागेल तशी बाहेर आली. चौथ्या वर्षी पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला, तेव्हा आजोबांनी पेढे आणले. ठमाबाईंनी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "इंजिनेरला इचारलं का?"

हा टोमणा मला पुढे दहा वर्षं पुरला. आमटीत मीठ घालताना, म्हशीला औषध पाजताना, अगदी निखिलच्या मुंजीची तारीख काढतानाही.

दरवर्षी घटस्थापनेच्या आधी भिंतीला एक हात द्यायचा असा नेम पडला. त्या यायच्या दुपारी चारला. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. दारातच, एक पाय आत, एक बाहेर. शेजारचे ऊस वाढले की बिबट्याच्या भीतीने दोघी मोठमोठ्याने बोलत बांधावरून जायचो, आणि त्या वाघोबाला मुद्दाम माझं नाव सांगायच्या : "आरं, ह्या पुन्याच्या बाई हायत, शिळ्या झाल्यात, खाऊ नगं!" तुमच्या ई-मेल मी कागदावर काढून आणून त्यांना वाचून दाखवायची. तिकडे तुमच्या घराच्या भिंती लाकडाच्या चौकटीवर पुठ्ठ्यासारखे तक्ते ठोकून करतात, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे पोरं खोक्यात ऱ्हात्यात?" मग, "पर हात कशावर फिरवित आसतील?"

गेल्या वर्षी त्यांची बोटं आखडली. तरी आल्या. पाटावर बसून त्यांनी बसल्या बसल्या हात पोचेल तेवढी खालची भिंत लिंपली, वरची मी. मधे मधे त्या दुखऱ्या हाताला फुंकर घालत होत्या. मी "राहू द्या" म्हटलं तर म्हणाल्या, "गप ऱ्हावा. तुमाला अजून कुठं येतंय?"

यंदा जाण्याच्या आठ दिवस आधी त्या शेवटच्या आल्या. काठी दाराला टेकवली, वाकून भिंतीला हात लावला. "खालचं सुटाया लागलंय, बाई. माती टाका भिजत. मी येते." एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

सुटायला लागलं होतं ते त्यांनी लिंपलेलं. लिंपावं तर त्यांच्या हाताच्या कमानी माझ्या मातीखाली जाणार. न लिंपावं तर त्या सुटून जमिनीवर पडणार, आणि मी त्या केरसुणीने भरून टाकणार. तेरावा झाला, पितृपक्ष लागला, मी निर्णय टाळत राहिले. आजोबा फक्त एकदा म्हणाले, "भिंत थांबत नाही ग." माती मंगलने आणली, मला न विचारता. आम्ही दोघींनी ती तुडवली, आठ दिवस.

गेल्या आठवड्यात लिंपायच्या आधी भिंतीवर पाणी मारलं. ओली झाल्यावर माती गडद झाली आणि वर्षभरात पुसट झालेल्या त्या सगळ्या कमानी एकदम ठळक वर आल्या... चार बोटं, पुन्हा चार बोटं, एकीत एक अडकलेल्या, खालपासून माझ्या कंबरेपर्यंत. जणू आत्ताच कुणी हात काढून घेतला आहे. माझ्या ओंजळीत मातीचा गोळा होता आणि तो मला ठेवता येईना.

"आजी," मंगल मागून म्हणाली, "पानी मारल्यावर थांबून चालत न्हाई. वाळली की धरायची न्हाई ती."

मी पाटावर बसले आणि पहिला हात ठेवला. त्यांच्या कमानीवरच ठेवला आणि तिच्याच वळणाने नेला, कारण दुसरं वळण मला सुचेना. दुसरा हात दुसऱ्या कमानीवर. दुपारभर तसंच. किती सरळ गेलं, किती वाकडं, ते पाहिलं नाही. संध्याकाळी उठले तेव्हा भिंतीवर फक्त माझी बोटं होती.

मधल्या खोलीत आम्ही अजून काही मांडलेलं नाही. काल आजोबांनी विचारलं, "वाळली असेल ना एव्हाना? कपाट सरकवायचं का?" मी आत गेले. दार पुढे केलं आणि भिंतीच्या खालच्या भागाला, जिथे त्यांचा हात पोचत होता तिथे, पंजा टेकवून बसून राहिले. गार होती, पण हाताला ओल लागली नाही. बाहेर येऊन त्यांना सांगितलं, अजून ओली आहे.