मापाचा ब्लाउज

माझ्या धाकट्या जावेचं सगळं चांगलं आहे आणि तेच मला सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे साळसूदपणाचा आव आणायला नको.

दोन वर्षांपूर्वी दिरांनी मुंबईतली नोकरी सोडली आणि दोघं रत्नागिरीला आली. आमच्या घराचा वरचा मजला रिकामाच होता, तो त्यांचाच होता. सामान उतरवलं तेव्हा सगळ्यात आधी टेम्पोतून काय बाहेर आलं असेल तर तिचं शिलाई मशीन. मोटरवर चालणारं. माझं पायाचं, माहेरून आणलेलं. मी हसून म्हटलं, "बरं झालं, आता घरात दोन झाली." म्हटलं खरं, पण त्या दिवशी माझ्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं.

त्याआधी आमच्या आळीत शिवणाचं म्हणून जे काही असेल ते माझ्याकडे यायचं. मी कचेरीत कारकून होते, शिवण सुट्टीच्या दिवशी. जूनच्या आधी आळीतल्या निम्म्या गणवेशांच्या दुमडी माझ्या मशीनवर उसवल्या जायच्या. कोणाच्या परकराला नाडी, कोणाच्या पँटला चेन, कोणाच्या सुनेचा ड्रेस बाजूनं आत घ्यायचा. नवीन कपडा शिवणं वेगळं आणि आहे तो माणसाच्या अंगाला पुन्हा बसवणं वेगळं. दुसऱ्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. खाण्याचंही तेच. फणसाच्या दिवसांत मी सांदणं करायची, बरक्या फणसाचा रस आणि तांदळाचा रवा घालून, आणि एकेक डबा शेजारी जायचा. डबा परत येताना त्यात काहीतरी असायचंच, आणि वर निरोप, की यंदाही तशीच झालीत.

मग ही आली. पहिल्याच मे महिन्यात तिनं सांदणं केली. माझ्यापेक्षा हलकी होती. रव्यात काहीतरी वेगळं करत असणार, मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. म्हणजे विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, एवढी तिला मी ओळखते. म्हणून तर विचारलं नाही. समोरच्या आजींकडे मी माझा डबा घेऊन गेले, तर त्यांनी झाकण उघडायच्या आधी विचारलं, "ही तुजी का गो तुज्या जावेची?" मी म्हटलं माझी. "बरी असतील ती पण," असं म्हणून त्यांनी डबा आत ठेवला.

आमच्या ह्यांचं तर विचारू नका. रविवारी मिरकरवाड्यावरून मासळी आणली की पिशवी पूर्वी सरळ माझ्या हातात यायची. आता दारातूनच सुरू व्हायचं, "चार बांगडे वर दे. ती तिरफळ घालून करते ना, तसे होऊ देत." तीस वर्षं तिरफळ घालूनच बांगडे खाल्लेत या माणसाने, माझ्या हातचे. आणखी एक. त्यांच्या एका निळ्या सदऱ्याची कॉलर विरली तेव्हा मी ती उसवून उलटी करून बसवली होती. दुसऱ्यांदा विरल्यावर मी तो लादी पुसायला काढला. जावेनं तो उचलून नेला आणि चार दिवसांत त्याची पिशवी केली, सदऱ्याचा खिसा बाहेरून तसाच ठेवून. ती पिशवी खांद्याला लावून हे बाजारात जातात आणि लोकांना खिसा दाखवतात. कॉलर मी उलटवली होती हे कोणाला सांगत नाहीत.

ती मला कधी उलट बोलली असती, कधी चारचौघांत फुशारकी मारली असती, तर बरं झालं असतं. धड भांडता तरी आलं असतं. पण ती "वहिनी, जरा चव बघा ना" म्हणून वाटी पुढे करायची, आणि मला "छान झालंय" म्हणावं लागायचं, कारण छानच झालेलं असायचं.

एवढं सगळं मी गिळलं. मुलीचं मात्र गिळता आलं नाही.

माझी मुलगी पुण्याला नोकरीला असते. तिचं लग्न ठरलं, आणि साखरपुडा मे महिन्यात आमच्या घरी करायचं ठरलं. जन्मल्यापासून तिच्या अंगावरचं पहिलं झबलं ते कॉलेजच्या गॅदरिंगचा ब्लाउज, सगळं मी शिवलेलं. तिनं एका संध्याकाळी फोन केला. म्हणाली, "आई, तुझा लग्नातला शालू आहे ना, घडीवर विरलेला? तो नेसता येणार नाही, पण त्याच्या काठापदराचा ब्लाउज छान होईल. साडी मी साधी घेते." मी म्हटलं, उद्याच कापायला घेते. ती म्हणाली, "काकूला शिवू दे ना. तिला ती मागच्या गळ्याची डिझाइनं जमतात. मी तिला फोटो पाठवलाय."

म्हणजे मला विचारायच्या आधी तिकडे फोटोही पोचला होता.

दुसऱ्या दिवशी मी शालू वर नेऊन दिला. कात्री लावताना मी तिथे नसावं म्हणून लगेच खाली आले. मागोमाग जाऊ खाली आली. "वहिनी, तिची मापं फोनवर घेऊ का? टेप लावून सांगेल ती."

मी म्हटलं, "कशाला? मापाचा ब्लाउज देते ना मी."

आमच्याकडे अंगावर टेप लावून कोणी फारसं शिवून घेत नाही. नीट बसणारा एक ब्लाउज कापडाबरोबर पिशवीत घालून द्यायचा. तो मापाचा. तो बरोबर असला की माणूस समोर नसलं तरी चालतं, आणि तो चुकीचा असला की शिवणारीची लाज जाते. हे शिवणाऱ्या बाईइतकं कोणाला कळणार?

मी कपाट उघडलं. मुलीनं गेल्या दिवाळीत घातलेला ब्लाउज वरच होता, माझा हात त्याच्यावरच पडला होता. तो मी बाजूला केला. खालून गॅदरिंगचा जुना ब्लाउज ओढून काढला. मुलगी भरत गेली तसा तो मी एकदा सैल केला होता, मग पुन्हा सैल केला होता, आणि तरीही तो तिला बसेना म्हणून पडून राहिला होता. तो मी घडी घालून, इस्त्री करून, पिशवीत घालून वर पाठवून दिला. विसरून नाही, गडबडीत नाही. जावेचा एक तरी कपडा चुकावा, आणि तो माझ्या मुलीनं पाहावा, एवढंच मला हवं होतं.

पुढचे आठ दिवस वरून मोटरचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून ऐकत राहायची. कापला जाणार होता तो माझाच शालू होता, हे मला पिशवी वर गेल्यानंतर सुचलं. काठाचं कापड मोजकंच होतं. एकदा चुकलं की दुसरा तुकडा नाही. दोनदा मी दिवाळीचा ब्लाउज हातात घेऊन जिन्यापर्यंत गेले. पण वर जाऊन काय सांगणार? चुकून दुसरा दिला म्हणून? ते म्हणायलाही माझी जीभ उचलेना. पहिल्यांदा तिला कोणाशीतरी हसत बोलताना ऐकलं आणि परत फिरले. दुसऱ्यांदा कारणही लागलं नाही.

मुलगी शुक्रवारी सकाळी आली, साखरपुडा रविवारी होता. जेवणं झाल्यावर जाऊ ब्लाउज घेऊन खाली आली. मागच्या गळ्याला बारीक पायपिंग, काठ दोन्ही बाह्यांवर अगदी समोरासमोर. आमच्या शालूचा जरीकाठ इतका देखणा होता हे मला तो ब्लाउज बघून कळलं, आणि त्याचाही मला राग आला.

मुलीनं तो घातला. हुकं दोन बोटं लांब राहिली. दंडात बाही रुतली. "काकू, हात वर होत नाही," ती म्हणाली, आणि आरशात बघता बघता तिचे डोळे भरले. "मी एवढी सुटलेय?"

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि बाजूच्या शिवणीवर ताणली गेलेली माझ्या शालूची जर पाहिली. त्यानंतर बरं वाटलं नाही.

"तू कसली सुटतेस गो," जाऊ म्हणाली. "माझंच कापताना चुकलं. काढ तो, अर्ध्या तासाचं काम आहे. जा, पन्हं ठेवलंय ते घे." मुलगी आत गेली तशी तिनं ब्लाउज उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला. "वहिनी, तुम्ही उसवता? जरीचं आहे. तुमचा हात हलका."

मी उसवायला बसले. बाजूची शिवण सुटली आणि आतून कापड निघालं. बोटभर नाही, चांगलं तीन बोटं, दुमडून, इस्त्री करून, कच्च्या टाक्यानं अडकवलेलं. दुसऱ्या बाजूला तेवढंच. मुंढ्यात होतं, बाहीत होतं, अस्तरालाही होतं. मोजक्या जरीच्या कापडात इतकं आत सोडायचं तर बाकीचं सगळं किती विचार करून बेतावं लागलं असेल, ते मला कळत होतं. मी ते करू शकले असते की नाही, माहीत नाही.

"एवढं का सोडलंस आत?" मी विचारलं.

ती बॉबिन भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मापाचा उलटून बघितला मी. दोन्ही बाजूंना जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन-दोन ओळी होत्या. दोनदा सैल केलेला, आणि आता आत सैल करायला काही शिल्लक नाही. असला ब्लाउज आता कोण घालतं, वहिनी?"

माझ्याच सुईची भोकं होती ती. टेपनं मोजल्यासारखी एका रेषेत, मला अभिमान वाटावा अशी.

"मग मला विचारायचं होतंस."

"काय विचारू?"

"तिला तरी फोन करायचा होतास."

"केला असता. मग ती म्हणाली असती, आईनं कुठला दिला? त्याला मी काय सांगणार होते?" तिनं बॉबिन बसवली. "दिलेल्या मापानं शिवला. आत कापड ठेवलं. त्यातलं किती सैल करायचं ते ती समोर उभी राहिल्यावर कळणारच होतं."

एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, मी शोधला.

मुलीला मी उभं केलं, टाचण्या लावल्या, खडूनं खुणा केल्या. टेप घेतला नाही. तिच्या अंगाचं माप माझ्या बोटांना येतं, ते कोणी शिकवायला नको. खुणा मी केल्या, टीप तिनं मारली. पुन्हा घातल्यावर ब्लाउज असा बसला की मुलगी दोन्ही हात वर करून आरशासमोर गोल फिरली. "काकू, तुझ्या हाताला तोड नाही," ती म्हणाली. "मापं तुझ्या आईनं धरली," जाऊ म्हणाली. मुलीनं माझ्याकडे वळून बघितलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

साखरपुड्याच्या दिवशी व्याही मंडळींतल्या बायका मुलीची पाठ बघत होत्या. एकीनं मला विचारलं, शिवला कोणी? मी जावेकडे बोट केलं. ती पाहुण्यांना सांदणं वाढत होती. सांदणंही तिचीच होती आणि सगळे पुन्हा मागत होते.

त्यानंतर माझा हेवा कमी झाला असं म्हणायला मला आवडलं असतं. तिची सांदणं, तिचे बांगडे, खिशाची ती पिशवी, एक वेळ मी सगळं सोडून दिलं असतं. पण तिनं कोणालाही काही सांगितलं नाही, ह्यांना नाही, दिरांना नाही, हे मात्र मला पचत नाही. तिच्या जागी मी असते तर संध्याकाळपर्यंत आळीत झालं असतं. ती शिवणात माझ्यापेक्षा पुढे असेल तर असू दे. पण इथेही?

जुना ब्लाउज तिनं धुऊन, घडी करून परत दिला. तो माझ्या मशीनच्या खणात आहे. टाकवत नाही आणि बघवतही नाही.

पंधरा दिवसांनी ती एक पिशवी घेऊन खाली आली. म्हणाली, "वहिनी, मला एक साधा ब्लाउज शिवून द्या. स्वतःची पाठ स्वतःला नीट घेता येत नाही. मापाचा आत ठेवलाय." आणि भात चुलीवर आहे म्हणून लगेच वर गेली.

मी पिशवीतून मापाचा काढला आणि आधी काय केलं असेल, तर तो उलटा करून दोन्ही बाजूंच्या शिवणी उजेडाला धरल्या. जुन्या टाक्यांची भोकं कुठेच नव्हती. एकच सरळ शिवण होती, आणि काखेत घामाचा फिकट डाग. आदल्याच दिवशी तिच्या अंगावर पाहिलेला ब्लाउज होता तो.