विहिरीतली चुन्याची पट्टी

सारिकाच्या मनातून ती पट्टी काही केल्या जात नव्हती. सुदेशचं जेवण विहिरीवर पोचवून ती घरी आली, भांडी विसळली, तरी डोळ्यांसमोर तेच: चुन्याची पट्टी मधोमध तुटलेली, आणि तीन वाजता आपला मुलगा त्याच विहिरीत उतरणार. आता अडीच झाले होते.

सुदेश विहिरी खणतो. बाप गंगाराम आजारात गेला तेव्हा तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. पुस्तकं माळ्यावर गेली आणि बापाची पहार हातात आली. नऊ वर्षांत सत्तावीस विहिरी. पहारीच्या आवाजावरून तो खालचं सांगतो: वर जांभा, त्याखाली पांढरी मऊ माती, मग काळा खडक, त्याच्या भेगांत पाणी. गंगाराम त्या मऊ मातीला भ्यायचा. सगळा जांभा तिच्यावरच बसलेला. जांभ्याला फट दिसली की तो तिच्यावर आडवी चुन्याची पट्टी ओढायचा; सुदेशही ओढतो. पट्टी तुटली की फट वाढतेय असं समजायचं, आणि काठ बांधून काढेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही.

"पट्टी तुटली हा रे," तिने दुपारी म्हटलं होतं.

"बघलंय." सुदेश भात कालवत होता. "तूच शिकवलंस ना आये, जमीन नखां वाढतत तशी सरकता? मगे? जेवता जेवता माझी नखां वाढली काय?"

जोडीदार बाबली हसला. "आवस भूगोल शिकलेली तुझी. ऐक तिचा."

"तिचाच ऐकतंय. समीक्षाताई आयतवारी आपली विहीर बघूक येतली, तेच्याआधी पाणी दिसाक व्हया."

शिकवलं तिनेच होतं. आठ वर्षांचा सुदेश बापाच्या विहिरीत डोकावून विचारायचा, "खणत रवलो तर खंय पोचतलो?" मग ती सांगायची: पृथ्वीचं वरचं कडक कवच तुकड्यातुकड्यांचं आहे. खालचा तापलेला खडक अगदी सावकाश वाहतो, आणि त्यावर हे तुकडे सरकतात, वर्षभरात नख वाढतं तेवढेच. पोराला भीती नको म्हणून ती तिथेच थांबायची. तुकड्यांच्या कडा एकमेकींत अडकतात, शेकडो वर्षं ताण साठतो आणि मग काही क्षणांत सुटतो, तोच भूकंप, हे तिने कधी सांगितलंच नाही.

विहीर म्हणजे भूकंप नव्हे. पण अडकलेलं ओझं सुटताना वेळ देत नाही, हे तिला ठाऊक होतं. पट्टीचे दोन तुकडे आता एका रेषेत नव्हते. आतल्या बाजूचा बोटभर खाली उतरला होता.

सुदेश ऐकणार नव्हता. समीक्षाताई कणकवलीला ऑफिसात असतील. मालकिणीने सांगितलं तर तो थांबेल. पण आईने मालकिणीला फोन केला हे आज ना उद्या गावभर होणार. मग त्याला पुढची विहीर कोण देणार? तो तिच्याशी बोलेल तरी का?

पावणेतीन. तिने पदराला हात पुसले आणि नंबर शोधला. "मी सुदेशची आई बोलतेय, काम आत्ताच्या आत्ता थांबवा," हे वाक्य एकदा मनात नीट म्हणून घेतलं, आणि फोन लावला.