आत्याने पास केलेलं घर

माझी आत्या बडोद्याच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवत होती, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. तिने लग्न केलं नाही. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हापासून आत्यानेच मला वाढवलं. ती निवृत्त झाल्यावर मी तिला बडोद्यातच अकोटा भागात आमच्याकडे घेऊन आले. ती, मी आणि माझे यजमान असे आम्ही तिघं बरीच वर्षं मजेत राहिलो. मग तिचं विसरणं सुरू झालं.

दुपारी जेवून अर्धा तास होतो न होतो तोच ती पुन्हा ताटं मांडायची. यजमानांना ती शाळेतले हेडक्लार्क समजू लागली. “अहो, सहावीचं हजेरीपत्रक आणलंत का?” असं तिने विचारलं की हे गंभीर चेहऱ्याने वर्तमानपत्र पुढे करायचे, ती वरच्या कोऱ्या जागेत सही करायची आणि म्हणायची, “उद्यापासून वेळेवर आणत जा.” ह्यांनी एकदाही चूक दुरुस्त केली नाही. उलट मलाच सांगायचे, “इतकी चांगली नोकरी मला आधी कधी मिळाली नव्हती.”

एका दुपारी मात्र ती घरातून नाहीशी झाली. दोन तास आम्ही स्कूटरवरून गल्ल्या पालथ्या घालत होतो, आणि फोन आला तो जवळच्या पादरा गावाहून. तिची पहिली नोकरी पादऱ्याला होती. उत्तरपत्रिका आणायच्या म्हणून ती सरळ बसने तिथे जाऊन पोचली होती. कंडक्टरने तिच्या पर्समध्ये आमचा नंबर शोधला होता. आम्ही गेलो तेव्हा ती स्टँडवरच्या बाकावर बसून भजी खात होती. “इतका उशीर?” ती म्हणाली, “मी केव्हाची थांबलेय.”

डॉक्टरांनी डिमेन्शिया असल्याचं आधीच सांगितलं होतं. आता ते म्हणाले, “घराला कुलूप लावून भागणार नाही. त्यांना दिवसभर माणसं हवीत आणि ठरलेलं काम हवं.” माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं, ह्यांची पाठ धरलेली. तरी मी महिनाभर हट्टाला पेटले होते. जिने माझ्या वेण्या घातल्या तिला मी बाहेर ठेवू? शेवटी हेच म्हणाले, “बघायला तर जाऊ. बघितलं म्हणजे ठेवलं असं थोडंच आहे?”

आत्याला सांगितलं, “एक जागा बघायला जायचंय.” तिने ठेवणीतली साडी नेसली, पेन घेतलं आणि रिक्षात बसल्यावर विचारलं, “हिला कितवीत घालायचंय?” हिला म्हणजे मला. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते.

पहिली जागा चकचकीत होती. गुळगुळीत फरशी, एसी, भिंतभर टीव्ही. तिथल्या मुलीने गोड आवाजात “आवो बा, बेसो” म्हटलं, म्हणजे ‘या आजी, बसा’. आत्या ताठ उभी राहिली. “मी कुणाची बा नाही. बाई म्हणायचं.” मुलगी हसली आणि पुन्हा “हा बा, बेसो” म्हणाली. आत्या वळली ती थेट रिक्षात जाऊन बसली.

दुसऱ्या ठिकाणी माझी यादी मी वाचून दाखवली: रात्री किती माणसं असतात, कुणी पडलं तर डॉक्टर किती वेळात येतात, बाहेरचं दार कसं बंद करता. व्यवस्थापकांची उत्तरं चोख होती. मग आत्याने तिचं सुरू केलं.

“जेवण झाल्यावर काय करतात?”

“झोपतात.”

“उठल्यावर?”

“चहा.”

“आणि मग?”

व्हरांड्यात सगळे जण ओळीने खुर्च्यांत बसले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आत्या बाहेर येऊन मला म्हणाली, “ही शाळा नको गं. इथे मधली सुट्टीच नाही.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या यादीत तो प्रश्नच नव्हता.

तिसरी जागा एक जुना बंगला होता, एका निवृत्त गुजराती नर्सबाईंनी चालवलेला. आत शिरलो तो गलकाच. एक आजोबा आणि एक काका पत्त्यांवरून भांडत होते. ओट्यावर चार बायका सुपात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांच्यात बसलेली स्वयंपाकीण मराठी निघाली. तिचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते, हे तिने पहिल्या मिनिटातच सांगितलं. नर्सबाई आमच्याआधी आत्याशी बोलल्या. हात जोडून त्यांनी तिला काय आवडतं ते विचारलं, “बेन, तमने शुं गमे?”

“गणित,” आत्या म्हणाली.

स्वयंपाकिणीने जागा करून दिली. “मग बाई, एवढ्या शेंगा कोणाला किती वाटायच्या ते तुम्हीच सांगा. इथे रोज भांडणं होतात.” आत्याने पेन काढलं, चार ढीग केले, एकीला “नीट बस” म्हणून दटावलं आणि स्वतःच सोलायला लागली.

मी माझे प्रश्न विचारून घेतले. रात्री दोघी जाग्या असतात, फाटकाला आतून कडी असते पण बागेत हवं तेव्हा जाता येतं, आणि आम्ही न सांगता केव्हाही येऊ शकतो. हे शेवटचं ऐकून माझा जीव थोडा भांड्यात पडला. पण आत्याला फसवून ठेवायचं मला नको होतं. तिच्याजवळ खाली बसून म्हटलं, “आत्या, ही जागा माझ्यासाठी नाही गं. तुझ्यासाठी बघतोय.”

तिने हात थांबवला. “माझ्यासाठी?”

“हो.”

“मग आधी नाही का सांगायचं! मी आपली तुझ्या वयाच्या मुली कुठे आहेत ते शोधतेय.” आणि तिने पुढची शेंग उचलली.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर, ती तिथे राहायला गेली. पहिले आठ दिवस वाईट होते. ती फाटकाशी उभी राहायची आणि मी घरी येऊन तिच्या रिकाम्या पलंगावर बसायचे. नवव्या दिवशी गेले तर ती गडबडीत होती. पत्तेवाल्या काकांना पाढे म्हणायला लावले होते, ते सतराच्या पाढ्यात अडकले होते. “आत्ता नको,” ती मला म्हणाली, “तास चालू आहे.” फाटकाबाहेर येऊन मी हसले आणि मग थोडी रडलेही. हे म्हणाले, “माझी नोकरी मात्र गेली.”

ऑपरेशननंतर मी काठी घेऊन जाऊ लागले. तोवर माझं नाव तिच्या आठवणीतून पुसलं गेलं होतं, पण मी आले की ती बाजूची खुर्ची हाताने झटकून द्यायची. नवरात्रात नर्सबाईंनी अंगणात गरबा ठेवला. शाळेच्या गरब्यात आत्या जन्मभर काठावर उभी राहून मुलींवर लक्ष ठेवायची, एकदाही फेर धरला नव्हता. त्या संध्याकाळी ती खुर्चीवर बसून टाळ्या देत होती. दुसऱ्या गाण्याला उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, “चल.”

“अगं, माझा गुडघा…”

“मग हळू चल.”

नर्सबाईंनी तिला दुसऱ्या बाजूने धरलं. आम्ही तिघींनी एक फेरी पुरी केली. टाळी दर वेळी चुकत होती, आणि आत्या ताल सोडून जोरात अंक मोजत होती.